विहीणबाईंचे बरडीवरचे पेशंट

१८ सप्टेंबर. आजचं काम: विहीणबाईंचं बंद घर उघडणे, गाद्या उन्हात टाकणे, भिंतींवरची बुरशी पुसणे आणि तांदळाच्या कोठीला उंदीर लागलेत का ते बघणे. गाद्या टाकून झाल्या. ऊन उतरेपर्यंत इथून हलता येत नाही, म्हणून बसल्या बसल्या लिहिते आहे.

आमच्या विहीणबाईंनी ह्या भागातली जितकी माणसं नागडी पाहिली आहेत तितकी दुसऱ्या कुणीही पाहिलेली नाहीत, आणि ही गोष्ट त्या एकाही माणसाला विसरू देत नाहीत. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी सगळी नोकरी सरकारी नर्स म्हणून केली. आज जे सरपंच आहेत, पोलीस पाटील आहेत, मोटरसायकलवर मागे दोन पोती युरिया आणि पुढे बायको बसवून फिरतात, ते सगळे ह्यांच्या हातात पडलेले. पोलीस पाटील मिशीला पीळ देत समोरून आला की ह्या रस्त्यातच थांबतात. "का रे, जन्मला तवा रडला नव्हता तू. उलटा धरून दोन चापट्या मारल्या, तवा आवाज फुटला. आता लय बोलून राहिला म्हणते गावात?" पाटील मिशी सोडून देतो. सरपंच पायाळू. तो भाषणाला उभा राहिला आणि विहीणबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असल्या, की त्याचं भाषण हमखास आटोपशीर होतं. एकदा मी त्यांना म्हटलं, "ईनबाई, चारचौघांत असं बरं दिसत नाही." तर म्हणाल्या, "मले दिसलं ते याहूनही बरं नव्हतं."

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्या लेकीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला झाली. मी नवी पैठणी नेसून, हातात आरतीचं ताट धरून दारात उभी. पाहुणे गाडीतून उतरले. मी हसून "जय भीम, ईनबाई" म्हटलं, आणि ह्यांनी पुढे होऊन अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. "रक्त कमी आहे तुमचं. पालक खात नाही का?" मागे शंभर माणसं उभी. फोटोग्राफर हुशार, त्यानं तेवढ्यात फोटो काढला. अल्बममध्ये सगळ्यांत मोठा तोच आहे. पुढे लग्नाच्या पंगतीत ह्यांनी वरबाप म्हणून मिरवणाऱ्या स्वतःच्या नवऱ्याच्या पानातलं श्रीखंड उचलून शेजारच्या पानात टाकलं, कारण त्याची साखर वाढलेली होती. तो गरीब माणूस आता नाही. जाताना, म्हणतात, त्यानं डॉक्टरला नाही, बायकोला विचारलं होतं, "जाऊ का?"

रिटायर झाल्यावर अशा बाईचं काय होणार ह्याची गावाला धास्तीच होती. पहिलं वर्ष त्यांनी लोकांच्या विहिरीत औषध टाकण्यात काढलं. मग साखरेसाठी म्हणून सकाळी बरडीवर फिरायला जाऊ लागल्या. बरडी म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड उंचवटा. आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या आणि चिखल, पण ह्या एका बरडीवर पाणी ठरत नाही. पाऊस पडला की खाली पळतो. तिथं गवताशिवाय काही येत नाही, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या गुरांना सोडलेली. तिथं एका सकाळी त्यांना एक माणूस उन्हानं आडवा पडलेला दिसला. गोंदियाच्या एका कॉलेजातले झाडाझुडपांचे सर. विहीणबाईंनी त्याचे पाय दगडावर उंच केले, पिशवीतलं मीठ-साखरेचं पाणी घशात ओतलं. सरांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "मॅडम, जरा सरका. तुमचा पाय फुलावर आहे."

विहीणबाईंना इतका आवडलेला पेशंट आयुष्यात दुसरा नसेल. आपण मरतो की राहतो ह्याच्याआधी दुसऱ्याची चौकशी! पायाखालून सरांनी जे फूल वाचवलं ते बोटभर लांब, उभं, पोपटी अंगावर जांभळ्या रेघा, आणि वर पाकळ्यांची टोकं एकत्र बांधल्यासारखी, कंदिलासारखी. सरांनी सांगितलं की बारीक वेलाला येणारं हे कंदीलफूल अशा कोरड्या गवताळ जागीच येतं, आणि अशा जागा आता नांगरल्या गेल्या नाहीतर खोदल्या गेल्या. ह्या भागात त्यांना ते दुसरीकडे कुठं सापडलेलं नव्हतं. गावात त्याला नावही नव्हतं. गुरांमागची पोरं त्याचा कंद उकरून खात, एवढीच त्याची ओळख. सर म्हणाले, "फार थोडी राहिलीत." विहीणबाईंनी विचारलं, "मग यांच्याकडे पाहून कोन राहिलं?" सर म्हणाले, "कोणीच नाही." झालं. त्या दिवसापासून ते फूल त्यांचं पेशंट.

मला त्यांनी ते फूल दाखवायला नेलं तेव्हा मी शेजारच्या गावातलं माझं शिवणाचं दुकान बंद करून गेले होते आणि मला परत जायची घाई होती. मी वाकून पाहिलं. फूल ठीक होतं. ब्लाउजच्या बाहीला असा जांभळा पट्टा बरा दिसेल, एवढं माझ्या मनात आलं. विहीणबाई मात्र गुडघ्यांवर बसून, पापणी ओढतात त्याच नजरेनं त्याच्याकडे बघत होत्या. "आत केस आहेत खाली तोंड करून," त्या सांगू लागल्या. "माशी वासानं आत जाते, मंग तिले बाहेर येता येत नाही. ॲडमिट. फूल कोमेजलं का केस गळतात, माशी मोकळी. डिस्चार्ज. जाताना पराग घेऊन जाते दुसऱ्या फुलाकडं." मी म्हटलं, "बिल नाही का घेत?" तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "सरकारी आहे."

आणि माशी! ज्या बाईनं जन्मभर घराघरांत जाऊन अन्न झाका, माशी मारा, म्हणून जीव खाल्ला, तिनं बरडीच्या बाजूच्या घरांत जाऊन फिनाईलच्या बाटल्या जप्त केल्या. अंगणवाडीच्या भिंतीवर माशीचं मोठं भयानक चित्र होतं, ह्यांनीच पूर्वी रंगवून घेतलेलं. त्याच्याखाली उभं राहून ह्या बायांना सांगत की सगळ्या माश्या सारख्या नसतात. एकदा तर फुलांजवळ माश्या याव्यात म्हणून पदराला सुकट बांधून बरडीवर बसल्या. माश्या आल्या की नाही माहीत नाही, गावातली सगळी कुत्री आली. त्यांच्या वरातीसकट ह्या घरी परतल्या.

लोक मला विचारत, "तुमची ईन येडी झाली का जी?" मी म्हणे, "होऊ द्या." ह्याचं कारण स्पष्टच सांगते. माझी लेक आणि जावई नागपुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. जावई एकुलता एक, आईवर फार जीव. बाप गेल्यापासून त्याचा एकच घोशा, "आई, आता नागपूरलाच ये." माझी लेक गुणी आहे, पण रोज सकाळी पापणी ओढून घेण्याइतकी नाही. विहीणबाई गावात राहाव्यात असं वाटणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे, आणि त्यांना गावात धरून ठेवणारं बरडीवरचं ते बोटभर फूल, दुसरं काही नाही. मी त्या फुलाच्या दीर्घायुष्यासाठी जितकी मनापासून झटले, तितकी स्वतःच्या नवऱ्यासाठीही झटले नसेन.

त्यामुळे बरडीचा कोपरा कुंपण घालून बंद करायचा त्यांनी ठरवलं, तेव्हा मीही ग्रामसभेत मागच्या बाकावर जाऊन बसले. लोकांचा विरोध होता. गुरं कुठं चरायची? विहीणबाई उठल्या आणि वाद घालायच्या ऐवजी त्यांनी हजर असलेल्या एकेकाच्या जन्माची हकीकत सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या हकीकतीला ठराव पास झाला.

मग बोराटीच्या काट्यांचं कुंपण पडलं. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला बांधतात तसा कडुलिंबाचा टहाळा फाटकाला बांधला. आत कुणी जायचं नाही. गुरं नाही, शेरडं नाही, पोरं तर नाहीच नाही. गावाची गुरं सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागी, गोळा होतात आणि तिथून गायकी त्यांना चारायला नेतो. त्याला आता कुंपणाला वळसा घालून, काट्यांना घासत, अरुंद वाटेनं गुरं पलीकडे न्यावी लागत. तो रोज कुंपणाजवळ आला की मोठ्यानं म्हणे, "चाला बाई चाला, बाळंतीण झोपली आहे!" आतून ह्यांचा आवाज येई, "हळू बोल रे मग!"

पहिल्या पावसाळ्यात आत फुलं थोडी आली. विहीणबाई म्हणाल्या, नवा वार्ड आहे, रुळायला वेळ लागतोच. ह्या वर्षी जुलै गेला, ऑगस्ट लागला. आत गवत कमरेएवढं झालं, कुसळांनी साड्यांची चाळण झाली, आणि फूल एक नाही. इकडे सरपंचाला वरून झाडं लावायचा आदेश आलेला. जागा कुठली, तर बरडी, कारण तिथं "काहीच नाही". खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणासुद्धा पडल्या. सरपंच पायाळू असला तरी वाईट माणूस नाही. तो घरी येऊन म्हणाला, "सिस्टरबाई, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत फूल दाखवा, मी खड्डे दुसरीकडे नेतो. पन फूलच नाही तर मी लोकाईले काय सांगू? सिस्टरबाईनं गवत राखलं म्हनू?"

त्या वेळी पहिल्यांदा त्यांनी त्याला त्याचा जन्म सांगितला नाही. संध्याकाळी मला फोन केला आणि म्हणाल्या, "नाही आलं तर जाते आता नागपूरले. इथं कायले राहू?"

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन बरडीवर गेले. विहीणबाई कुंपणाच्या आत गवतात बसलेल्या, बाहेरून फक्त पांढरी छत्री दिसत होती. दोघींनी मिळून हातानं गवत बाजूला सारत सगळा कोपरा पाहिला. साप निघाला, तितराची अंडी निघाली, गेल्या वर्षीचा त्यांचा हरवलेला चष्मा निघाला. फूल नाही. शेवटी मी म्हटलं, "चला, जेवून घ्या." फाटकातून बाहेर पडताना त्यांचा पदर बोराटीत अडकला. सोडवायला त्या बाहेरच्या अंगाला, गुरांच्या वाटेवर, खाली बसल्या. आणि बसल्याच.

"काऊन जी, चक्कर आली का?" मी विचारलं.

त्यांनी बोट दाखवलं. गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या, कुरतडून बुटक्या झालेल्या गवतात, ओल्या शेणाच्या पोवटीला खेटून एक वेल उगवला होता. बाहेरच्या बाजूनं काट्यांवर चढला होता आणि त्याला ओळीनं कंदील लागले होते. थोडं पुढे आणखी एक. वाटेच्या वळणावर अजून. दोन पावसाळे ह्या बाईनं कुंपणाच्या आत डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, बाहेर एकदाही नाही. बाहेर काय, गुरांचा रस्ता!

विहीणबाईंनी पदर काट्यांतून सोडवला. मग म्हणाल्या, "वार्डाले कुलूप लावून मी आत बसली, न् पेशंट सारे वऱ्हांड्यात." आणि थोड्या वेळानं, फुलाकडे बघतच, "जन्मभर म्हाताऱ्या बायांशी भांडली मी. बाळंतिणीले अंधाऱ्या खोलीत कोंडू नका, खिडकी उघडा, हवा येऊ द्या म्हणून. न् माह्या हातानं काय केलं पाहा." मी डबा उघडला. त्यांनी वरणाकडे बघून "मीठ जास्त आहे" म्हटलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि सभा बसली. विहीणबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांनी आपापले जन्म आठवून माना खाली घातल्या. पण त्या म्हणाल्या, "कुंपण माझं चुकलं. गवत दाबलं गेलं नाही म्हणून फूल घुसमटलं. गाई पाठवा." एवढंच. गायकी दारात टेकून उभा होता. त्याला ही संधी जन्मात परत मिळणार नव्हती. "आता कशी पाठवू जी? गाईंले वळशाची सवय पडली. त्याईले तुम्हीच येऊन सांगा आखरावर." लोक हसले. मला वाटलं, आता ह्याची नाळ निघते. पण विहीणबाई म्हणाल्या, "येते. किती वाजता निघता?"

सरपंचानं सगळ्यांना नेऊन फूल दाखवलं. लोकांनी शेणाला वळसा घालून ते पाहिलं आणि एकमेकांना विचारलं, "हेच का?" ठरलं असं, की ह्या वर्षी फुलांना बी धरलं तर बरडी चराईलाच राहील आणि झाडं शाळेमागे जातील. बी धरलं नाही तर पुढच्या पावसात खड्डे. विहीणबाईंनी सरपंचाला सांगून पाहिलं की बी धरणं माशीच्या हातात आहे, तर तो म्हणाला, "मग माश्याईले सांगा." त्याची वेळ होती, त्यानं साधली.

सकाळी त्या आखरावर गेल्या. शंभरेक गुरांपुढे, पांढरी छत्री घेऊन. गुरांना काय सांगितलं ते माहीत नाही, पण गायकीला पहिला चहा त्यांनी पाजला. मग स्वतःच्या हातानं काटे ओढून काढायला लागल्या. गडी लावते म्हटलं तर ऐकेनात. म्हणाल्या, ज्यानं टाके घातले त्यानंच काढावे. शेवटची मेख उपटताना गुडघा गेला. गोंदियाच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, आणि जावई ताबडतोब गाडी घेऊन आला. गाडीत बसतानाही त्या खिडकीतून गायकीला ओरडून सांगत होत्या की गाई एकाच जागी बसू देऊ नको.

आता त्या नागपुरात आहेत. ऑपरेशन झालं. माझी लेक रोज फोन करते. विहीणबाईंनी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायांची पापणी ओढली आहे. लिफ्टमध्ये एका साहेबाला पोटाचा घेर विचारला. लेकीला ओट्याशी उभं राहून पोळ्या करताना पाठ कशी धरायची ते शिकवतात. "आई, मी वेडी होईन," ती म्हणते. जावई म्हणतो, "राहू दे ना आता इथंच." आणि विहीणबाईंनी मुलाला सांगितलं आहे, "बी धरलं तर जाईन परत. नाहीतर राहते." माझ्या लेकीची शांतता आता माश्यांवर अवलंबून आहे.

म्हणून मीही इकडे येते. घराला ओल धरू नये हे निमित्त. खरं म्हणजे गंमत अशी, की महिना झाला, माझी पापणी कुणी ओढलेली नाही. परवा दुकानात एक बाई माप द्यायला आली, तिच्या डोळ्यांखाली पांढरट दिसलं, आणि मी टेप हातात धरून तिला विचारलं, "पालक खात नाही का?" ती घाबरून गेली. तिनं ब्लाउज दुसरीकडे टाकला असेल.

हे इथवर लिहिलं तोवर पाच वाजले आणि फोन वाजला. विहीणबाई. जेवलात का, बरं आहे का, काही नाही. "बरडीवर गेल्या होत्या का?"

"आता जाते."

"फोन चालूच ठेवा."

गेले. बरडीवर गुरं पांगली होती, गवत पायांच्या घोट्याएवढं. बाहेरच्या वळणावरचा वेल गाईंनी अर्धा खाल्ला होता. फुलं वाळून गेलेली. मी वाकले, चष्मा पुसला, परत वाकले. देठाजवळ बारीक हिरव्या शेंगा, एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन, वासराच्या शिंगांसारख्या दोन बाजूंना गेलेल्या.

"काय झालं? बोलत काऊन नाही?" फोनमधून आवाज.

"ईनबाई," मी म्हटलं, "जुळं आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि लगेच, नेहमीच्या, वार्डात घुमायच्या आवाजात, "एकच वेल आहे का बाकीचे पाहिले? न् ऐका, ते पिकलं का फुटते, कापसासारखं बी वाऱ्यानं उडून जाते. धानाच्या चिखलात पडलं तर मेलं. त्याले पिशवी पाहिजे. पातळ. हवा जाणारी."

"पाहते," मी म्हटलं.

१९ सप्टेंबर. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जुनी मच्छरदाणी फाडली. बोटाएवढ्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी घातली. फिटिंग नीट बसावं म्हणून आधी एका हिरव्या मिरचीला घालून पाहिली. मग बरडीवर गेले, गाई वळणावरून पुढे सरकेपर्यंत थांबले, आणि जिथं जिथं शेंग दिसली तिथं एकेक पिशवी चढवून नाडीची गाठ मारली. फार घट्ट नाही, वाढायला जागा ठेवून.